लोण्याच्या कप्प्यात

फ्रिजच्या दारात, लोण्याच्या कप्प्यात
इन्सुलिनच्या दोन बाटल्या असायच्या.
एकीवर चिकटपट्टी : अप्पा.
दुसरी कोरी. हौसाक्काला वाचता येत नव्हतं,
आणि उरलेली ती तिची, हे आम्हाला ठाऊकच.

कंपनी एक, डोसही जवळपास एकच.
राजेंद्रनगरातून चालत सातला पोचायची,
ओट्याला टेकून पोटाला सुई टोचायची,
मग आमची भांडी.
नाश्ता दहाला, आमचं उरकल्यावर.
मध्येच हात थरथरून कप फुटला
तर मी म्हणायचे, हळू गं.
जाताना ती म्हणायची, येतो वैनी.

मार्चात गेटवर कागद लागला,
कामवाल्यांना प्रवेश बंद.
सही माझ्या नवऱ्याची, तो सेक्रेटरी.
पगार दिला हं आम्ही, दोन महिने पूर्ण दिला,
हे मी सगळ्यांना सांगितलंय.
बाटलीचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

तिच्या आलं होतं.
ताराबाई पार्काच्या नाक्यावरून पोलिसांनी
तिला दोनदा परत लावलं,
हे नंतर कळलं, तिच्या धोंडिबाकडून.
त्यानं उधारीवर नवी बाटली आणली,
मडक्यात ठेवली, मडकं ओल्या वाळूत.
वाळू घरचीच, शिरोलीच्या फाउंड्रीतली.
बाप बावीस वर्षं तीच छातीत भरून
खोकत खोकत गेलेला.
"तेवढी एक कामाला आली बघा, वैनी."
बाटली पुरावी म्हणून
आई तिसाच्या जागी पंधराच भरायची.

ऑगस्टात दोघांनाही ताप, एकाच आठवड्यात.
अप्पांना खोली मिळाली, खिडकीची.
दर चार तासांनी नर्स बोट टोचायची,
अप्पा तिच्यावर खेकसायचे.
घरी आले ते वरणात मीठ कमी म्हणत.

हौसाक्का सीपीआरच्या व्हरांड्यात, तिसऱ्या दिवशी.
साखर पाचशेच्या वर.
डॉक्टर म्हणाले म्हणे, आधीच लक्ष द्यायला हवं होतं.
कुणी, ते नाही म्हणाले.

आता अप्पांना सुई दिली
की अर्ध्या तासात मी ताट मांडते. घड्याळ बघून.
नवी बाई येते आठला.
तिला साखर आहे का, विचारायचं
रोज ठरवते.

कोरी बाटली अजून तिथंच आहे,
तारीख उलटून गेलेली.
लोणी काढताना बोटाला लागते.
परवा अप्पांनी ती उजेडात धरली,
म्हणाले, अगं, हिच्यावर
माझं नाव घालायचं राहिलंय.