बेदाण्याची सही

चौतीस वर्षं मी नोटांच्या छापखान्यात
कोऱ्या करकरीत तावांवरचे दोष शोधले.
पसरलेली शाई, सरकलेला आकडा,
केसाएवढी रेघ.
मी बोट ठेवायचो आणि ताव रद्द व्हायचा.

आता जेल रोडच्या दोन खोल्यांत
फंडाच्या पैशांतून घेतलेल्या सोफ्यासमोर बसून मोजतो:
डाव्या हातावर एकोणीस धागे सुटलेत,
उजव्यावर सात,
पाठीवर एकच ओरखडा, लांबच लांब.
आणि गुन्हेगार माझ्याच मांडीवर
घुर्रघुर्र करतोय.

नाव बेदाणा. रंगही तोच,
शेडमधल्या जाळीवर निम्मा सुकलेला.
वृंदाने बुटांच्या खोक्यातून आणला,
"दोनच दिवस ठेवा" म्हणाली
आणि बंगळूरला गेली.
तिसरं वर्ष लागलंय.

उपाय केले.
संत्र्याची सालं ठेवली, ती मुंग्यांनी नेली.
व्हिनेगर शिंपडलं, तर कुसुम म्हणाली,
घरात बरणी नासल्यासारखं वाटतंय.
दोन्हीकडून चिकटणारी पट्टी लावली.
तिला पहिले चिकटले आमचे व्याही,
पांढऱ्या लेंग्यासकट.
नखं कापायला गेलो, तर माझ्याच मनगटावर
केसाएवढ्या चार रेघा,
लाल शाईत.

एकदा हात उगारला.
दिवसभर तो कपाटावर, भिंतीकडे तोंड करून.
जेवला नाही.
मलाही भाकरी गोड लागली नाही.

मग जानोरीला गेलो होतो,
कचरूनाना तिडके थॉमसनची जुनी बाग काढत होते.
बांधावर खोडांचा ढीग,
सालीच्या चिंध्या लोंबताहेत.
"एक द्या."
"चुलीला?"
"मांजराला."
नाना हसले नाहीत.
"उंच बघून घ्या. पुरतं ताणता आलं पाहिजे त्याला.
आणि घट्ट ठोका.
हललं, की जनावर पुन्हा भरवसा ठेवत नाही."

फळीवर ठोकलं. खाली सुतळी गुंडाळली
आणि दाराआडच्या कोपऱ्यात उभं केलं.
चार दिवस त्याने वासही घेतला नाही.
कुसुम भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली,
"तिथं कोण बघणार त्याचं?
आपण बसतो तिथं ठेवा.
तो काय नखं झिजवतोय होय?
आलो, आहे, इथंच राहतो,
एवढंच लिहितोय बिचारा."

मी गप्प.
चौतीस वर्षं दुसऱ्याच्या सहीवरून डोळे फिरवले.
माझी सही फक्त पगाराच्या रजिस्टरात,
चौकोनाबाहेर जाऊ न देता केलेली.

आता खोड सोफ्याला खेटून उभं आहे.
सकाळी दूध येतं तेव्हा बेदाणा उठतो,
अंग दुप्पट लांब करतो
आणि टर्रर्र साल ओढतो.
मी लगेच सुकटीचा एक कण देतो.
उशिरा दिलेली शाबासकी
त्याच्या हिशेबात धरली जात नाही.

परवा सोफ्याचा कारागीर येऊन गेला.
उजवा हात शिवून घेतला, पाठही.
डाव्याचं माप घ्यायला लागला, तर म्हटलं, राहू दे.
तिथं एकोणीसचे वीस झालेत.
रात्री दोनच्या सुमाराला झाले,
मी जागाच होतो.