सुरू न होणारं

मळीकबाबांनी सीपीयू आणला टॉवेलात गुंडाळून,
स्कूटरवर पायांशी उभा करून, मये ते डिचोली.
"बटण दाबलं की पंखा एकदा मान हलवतो,
आणि परत गप्प. सप्लाय गेलाय. नवीन घाल."

बघूया आधी, म्हटलं.
झाकण उघडलं तर आत अजून खाण चालू होती.
पात्यांवर, तारांच्या वेण्यांत तांबडी माती.
ट्रक थांबून इतकी वर्षं झाली
तरी काट्यावरच्या ऑफिसची धूळ यानं धरून ठेवलेली.
ब्रश मारला, ती माझ्या चहावर बसली.

सप्लाय सुटा केला.
पेपरक्लिप सरळ करून
हिरवी तार काळीला जोडली.
धंद्यातली सगळ्यांत स्वस्त चाचणी ही,
तरी दर वेळी हात जरा मागे राहतो.
पंखा फिरला. फिरतच राहिला.
मीटरवर बारा, पाच, तीन पॉइंट तीन,
सगळे हजर.

"मग घरात काय झालं होतं याला?"
बाबा सप्लायकडे बघत होते
खोटं बोलणाऱ्या जावयाकडे बघावं तसे.
काही नाही झालं, बाबा. त्याला कळलं.
आत कुठेतरी वीज भलत्या वाटेनं जातेय.
तो बोट लावून बघतो, चटका लागतो, बोट काढून घेतो.
बंद पडणं वेगळं,
नकार देणं वेगळं.

मदरबोर्ड उचलला.
खाली पत्र्यावर एक स्क्रू.
काळा, चपट्या डोक्याचा,
म्हापशाहून मी आणतो त्यातलाच.
सहा वर्षांपूर्वी बोर्ड बदलताना एक कमी भरला होता.
टेबलाखाली शोधला, केर चाळला,
आणि रुद्रेशवर ओरडलो होतो, गिऱ्हाइकांसमोर,
एक स्क्रू सांभाळता येत नाही म्हणून.
तो सोमवारी आला नाही.
नंतर कुणीतरी म्हणालं, वेर्ण्याला फॅक्टरीत लागला.

स्क्रू इतके दिवस कोपऱ्यात शहाण्यासारखा बसलेला.
ऑफिस आवरून बाबांनी सामान पिकअपमधून घरी नेलं,
कुठल्या तरी खड्ड्यात तो घरंगळला.

जोडलं सगळं. बीप. एकच.
बाबांनी पैसे काढले, मी घेतले नाहीत.
का, तेही सांगितलं नाही.
ते साल्दाटी केळ्यांची फणी ठेवून गेले.

स्क्रू गल्ल्यात टाकलाय, सुट्या नाण्यांत.
रुद्रेशचा नंबर आहे अजून फोनमध्ये,
खाली हिरवं बटण.
अंगठा जरा मागे राहतो.