चावीच

सेट हातात देताना फौजदार म्हणाले,
अँटेना सरळ. तोंडापासून चार बोटं लांब.
बटण दाबा, एक श्वास जाऊ द्या, मग बोला.
घाई केली की पहिला शब्द सेट खातो,
‘नका सोडू’चं नुसतं ‘सोडू’ पोचतं.
आणि काचेवरचं ते बारकं कुलूप,
ते दिसतंय तोवर तुमचा आवाज
चिरून, उलटापालटा होऊन जातो,
चावी असलेल्या सेटातच पुन्हा सांधतो.
बाकीच्यांना खरखर.

माळेगावची जत्रा, तिसरा दिवस.
पोस्ट सात, घोडेबाजार. शिपाई कौतिका बोईनवाड.
वर्दीच्या खांद्यावर भंडारा,
बुटात लीद, कानात पाळण्याचा भोंगा.

जुने सेट होते तेव्हा
फाट्यावरचा चहावाला तुळशीदास
घरी जोडलेल्या रेडिओवर आमचं सगळं ऐकायचा.
साहेब कुठं जेवले, कुणाची जीप ढकलली,
दुसऱ्या दिवशी मलाच सांगायचा, वर मीठ लावून.
आता त्याच्या रेडिओत मोहरी तडतडते.
परवा म्हणाला, बाई, तुमचं खातं बंद पडलं काय?

सव्वासहाला पोस्ट अकरावर
गौसमामूंचा सेट उंटाच्या पायाखाली आला.
फुटला नाही. बॅटरी निघाली,
आणि आतली चावी पुसली गेली.
मामू उघडे बोलत होते, मला स्वच्छ येत होतं:
एक पोरगी घावली. सहाएक वर्षांची.
नाव सांगंना. रडंना बी. आलं का? ओव्हर.
हौ मामू, आलं.
त्यांना मोहरी.
आलं का, कौतिका? आलं का?
आलं हो, आलं.
मोहरी.

खटका फिरवला की कुलूप उघडतं.
पण हुकूम आहे, हरवलेल्या लेकराचं उघड्यावर बोलायचं नाही.
गेल्या साली कुणीतरी ऐकलं होतं,
आणि खऱ्या बापाच्या आधी
एक बाप येऊन उभा राहिला होता.

इकडं माझ्यासमोर एक माणूस.
एका पायात चप्पल, हातात गाढवाचा दोर,
गाढव नाही.
बाई, माझी मंजी.
त्याच्या पुढं त्याला बोलता येईना.

मी खटका फिरवला.
बटण दाबलं. एक श्वास जाऊ दिला.
आणि का कोण जाणे, आठ वर्षांची झाले,
आईपासून चिंचा लपवणारी:
चामूम, चीम चौतिकाक. चोरगीप चुठंक?

शांतता.
मामू कंधारच्या उर्दू शाळेतले.
त्यांच्या गल्लीत ही भाषा होती का नव्हती,
कधी विचारलं नव्हतं.
बटण दबल्याचा टक् आवाज आला,
मागं ढोल, एक घोडं खिंकाळलं,
आणि मग मामू नाही,
सेटाच्या फार जवळ धरलेलं एक तोंड:

चीम चंजुळाम.

पोलिसांना सांगितलं नव्हतं तिनं. सेटाला सांगितलं.
चावग?
चारूळब.
मी बापाकडं पाहिलं. गाव?
बारूळ, म्हणाला तो. बारूळचाच हाव मी.
मागून मामूंचं हसू, कुठल्याच भाषेत नसलेलं.

रात्री वायर जोडून मामूंच्या सेटात
चावी परत भरली. कुलूप आलं.
वहीत लिहिलं, सहा एकोणीस ते सहा बावीस,
उघड्या चॅनलवर संभाषण. कारण?
तो रकाना मी कोरा ठेवला.
गाडीत बसून एकेक शब्द लपवून बघत होते:
सेट, चेटस. कुलूप, चुलूपक. बाप, चापब.
चावीपाशी आले आणि अडले.
चावी, चावीच.
कितीही फिरवा, ती जाग्यावरच.

पहाटे फाट्यावर उतरले.
तुळशीदासनं न मागता कप पुढं केला,
आलं जास्त. रेडिओ फळीवर, बंद.
काहीच बोलला नाही. कपडा मारत राहिला.
मी दहाची नोट काढली.

चैसेप चकोन, म्हणाला,
आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला.