सव्वा हात

बर्का गावाबाहेरचं हे कुरण
दोन दिवस पाणी तुटलं की पिवळं पडतं,
रुई मात्र पडत नाही.
तिला कोण पाणी घालतं विचारलं तर
दादकरीम बोट वर करतो.
वर ढग नसतो.

पहाटे चारला निघतो आम्ही.
कुदळ, पोतं, रबरी मोजे.
धोत्रा बोंड तडकायच्या आत,
रुई मुळासकट. तुटलं मूळ
महिन्याभरात पुन्हा वर येतं, आधीपेक्षा जाड.

गेल्या साली शेजारच्या बंगल्यातल्या माळ्यानं
कण्हेर छाटली, आणि फांद्या
तारेवरून आत टाकल्या. मायेनं,
जनावरांना तेवढंच हिरवं.
गझाला संध्याकाळपर्यंत उभी होती.
मग बसली.
माळी आला, चपला काढून लांबच थांबला.
त्याला कोणी काही बोललं नाही.

मग मला पानं ओळखायला शिकवली.
शिकवली कसली, ओळखीचीच होती :
रुई मारुतीची, धोत्रा महादेवाचा,
कण्हेर तर आईच्या परडीत रोजची.
ज्यांच्या माळा ओवल्या
त्यांना खड्ड्यात घालून वर चुना टाकतो.

एक झुडूप ठेवलंय, तारेबाहेर.
आधी रिमालची मान किती बाहेर येते ते मोजलं :
सव्वा हात.
झुडूप सात पावलांवर.
शनिवारी त्याचं एकच पान तोडतो,
दगडावर ठेवतो, वाऱ्याआधी पुरतो.
साबणानं तीनदा हात धुऊन
खरारा घेऊन तिच्यापुढे उभा राहतो.

तरी ती बोटं हुंगते.