बारा बोअर, एकनळी

परवान्यावर लिहिलंय: बंदूक, एकनळी, बारा बोअर.
अण्णा तिला जन्मभर रायफल म्हणाले.
आम्ही कुणी दुरुस्त केलं नाही.

सदुसष्ट साली काळबादेवीच्या दुकानात
मालकानं आधी दुनळी काढली,
अक्रोडाचा दस्ता, कळीवर वेलबुट्टी.
अण्णांनी तिला हात लावला आणि हात पँटला पुसला.
दुनळी म्हणजे दोनदा चुकायची ऐपत,
असं ते पुढे सांगत.
ते कुर्ल्याच्या कारखान्यात टर्नर.
त्यांना एकदाच परवडत होतं:
दोनशे साठ रुपये, चार हप्ते.
तेवढ्यात शिलाई मशीन आलं असतं.
मशीन आलं नाही,
मशीनचं तेल मात्र दर दिवाळीला आलं,
चोचीच्या बाटलीतून, नळीसाठी.
आई बाटलीकडे बघायची
आणि दोरा दातानं तोडायची.

शिकार अशी एकदाच.
मुरबाडच्या पुढे, रानडुकरासाठी,
मुलुंडच्या पास्कू डिमेलोबरोबर.
डुक्कर आलं. अण्णांनी बार टाकला.
पास्कूच्या थर्मासला दोन भोकं पडली.
डुक्कर म्हणे क्षणभर उभंच राहिलं,
चहा सांडताना बघत.
नळी मोडून दुसरं काडतूस घालेपर्यंत
करवंदीच्या जाळ्या तेवढ्या हलत होत्या.
मग बहात्तरचा कायदा आला.
मला वाटतं, अण्णांना बरंच वाटलं असणार.
त्या थर्मासात आमच्या पेन्सिली राहिल्या, अजून आहेत.

पण हाताची खोड जिभेला लागली.
हाक एकदाच मारायचे.
जेवलीस का, एकदाच.
मी नाशिकच्या नोकरीवर निघाले तेव्हा दारात
'थांबली असतीस तर' इतकंच,
तेही निम्मं चपलेच्या पट्ट्यात गेलं.

शेवटच्या आठवड्यात, दवाखान्यात,
ते काहीतरी म्हणाले.
मी फोनवर केमिस्टशी भांडत होते,
इंजेक्शनच्या जादा लावलेल्या चाळीस रुपयांवरून.
'काय म्हणालात, अण्णा?'
त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
रागानं नाही.
नेम चुकलेल्या माणसाकडे
जनावर बघत असेल, तसं जरा कुतूहलानं.
मग भिंतीकडे वळले.

निवडणूक लागली की नोटीस येते: शस्त्र जमा करावे.
चादरीत गुंडाळून, रिक्षातून,
भांडुपच्या चौकीवर मी ती नेली.
रिक्षावाल्यानं विचारलं, बॅट का?
हो म्हटलं, वडिलांची.

हवालदार घोणे म्हणाले, उघडा मॅडम, रिकामी आहे ना बघू.
अंगठ्यानं कळ दाबली.
ती कमरेतून मोडली, कुरकुर न करता,
घरातली एकच गोष्ट जिला कधी तेल कमी पडलं नाही.
नळीतून मी समोरच्या भिंतीकडे पाहिलं.
आत उजेडाची वर्तुळं, एकात एक,
कुठे ओरखडा नाही.
टर्नरच्या मुलीला कळतं
इतकं सरळ भोक पाडायला काय लागतं.
टोकाशी कॅलेंडर होतं,
आणि त्यातली मावेल तेवढी एक तारीख.

'शेवटची कधी चालवली?'
'अडुसष्टला.'
पेन थांबलं.
'विकून टाका की. पण एकनळी हल्ली घेतं कोण म्हणा.'
आणि रजिस्टरात लिहिलं:
काडतुसे दोन, जुनी. स्थिती: चालू.

पोचपावती पर्समध्ये घडी करून ठेवली.
घरी भिंतीवर दोन खिळे मोकळे.
छत्री ठेवून पाहिली, घसरली.
निकाल लागला की आठवड्यात परत देतात,
कधी कधी दोन.
तेलाची बाटली हलवून बघितली,
अर्ध्याच्या थोडी खाली आहे.