मागच्या सीटवरचं वजन

इसाल्मीत एप्रिल म्हणजे नावालाच वसंत.
तळ्यावर अजून बर्फ, गॅरेजच्या दाराला बर्फाचे सुळे,
आणि आत इल्पो, माझा धाकटा भाऊ,
बाबांच्या डॅटसनला
तिच्या मापाबाहेरची चाकं बसवतोय.

आठ इंच रुंद. मूळची होती साडेचार.
"अंगापेक्षा बोंगा मोठा,"
शेजारचा तौनो दारातूनच म्हणाला,
मग आत आला
आणि तासभर बॅटरी धरून उभा राहिला.

कागदगिरणी बंद झाल्यापासून इल्पो
मिलिमीटरमध्येच बोलतो.
चाक आत सरकवलं तर स्प्रिंगला लागतं,
बाहेर काढलं तर मडगार्डची कड टायर सोलते.
स्पेसर घातला. काढला. निम्म्या जाडीचा घातला.
माझ्या लेकीची खेळायची माती
कमानीत थापली, चाक फिरवलं,
आणि मातीत उमटलेला टायरचा दात
नखानं मोजला.

कमानीच्या आत पत्र्याची एक दुमड असते,
कारखान्यानं घातलेली,
बाहेरून दिसत नाही.
ती वर वळवायची. गारठ्यात पत्रा वाकतो,
पण रंग तडकतो,
आणि हा पिवळा रंग बाबांनी स्वतः मारलेला,
ब्रशचा एक केस अजून त्यात चिकटून आहे.
म्हणून आधी ऊब.
हीट गन, पुन्हा हीट गन,
तळहात टेकवता येईना तेव्हा
टायर आणि पत्रा यांच्या फटीत
लाकडी बॅट घालून
तो म्हणाला, "ढकल. हळू. अजून हळू."
मी गाडी ढकलली, वीतभर पुढे, वीतभर मागे.
पत्रा कण्हला. रंग टिकला.

रिकामी गाडी सुरेख फिरली.
"रिकामी काय, कुणीही फिरवेल," तौनो.
मागे दोनशे किलो हवे होते.
सिमेंटची पोती ओली निघाली.
इल्पोनं फोन लावले, कुणाला ते मला न सांगता.

आई आली, चुलीवरचं भांडं उतरवून.
हिल्का आत्या आली, गमबूट घालून.
बाबांच्या मातीनंतर, तळ्याकाठच्या झोपडीवरून,
चार वर्षं दोघींत शब्द नव्हता.
"एक डावीकडे, एक उजवीकडे," इल्पो म्हणाला,
"आणि तू मध्ये."
मी मध्ये.

टायरच्या खांद्यावर खडूची रेघ ओढली:
घासलं तर पुसेल.
दुकानाकडच्या रस्त्यावर हिमानं उखडलेले खड्डे,
त्यातला एकही त्यानं चुकवला नाही.
प्रत्येक खड्ड्याला आम्ही तिघी
एकदमच श्वास धरत होतो.
वळणावर आत्याचा खांदा माझ्यावर,
माझा आईवर,
आणि मग तो आवाज,
सुरीनं रबर खरवडल्यासारखा.

परत आल्यावर इल्पो गुडघ्यांवर बसला.
आईच्या बाजूची रेघ जशीच्या तशी.
आत्याच्या बाजूची गायब.
गाडीत कुणी काही बोललं नाही.
मग आई, समोरच्या काचेकडे बघत:
"हिल्का जाड झालीय."
आत्या, तिच्या काचेकडे बघत:
"खड्डे माझ्या बाजूला होते."

"उतरू नका," इल्पो खालून ओरडला,
"वजनासकटच वळवतो."
म्हणून आम्ही बसलो.
त्यानं हीट गन लावली, कमान तापत गेली,
सीटच्या फोममधून
बाबांच्या तंबाखूचा जुना वास वर आला.
आत्यानं थर्मास काढला.
कप एकच होता.
तिनं भरला, माझ्या मांडीवरून पलीकडे केला.
आईनं तो घेतला, निम्मा प्यायला, परत दिला.

बाहेर तौनो बॅटरी धरून विचारत होता,
"किती राहिलं?"
"जवभर," इल्पो म्हणाला.
मिलिमीटरमध्ये नाही.