तीन आणि बेचाळीस

रात्री आठनंतर काही खायचं नाही,
असं आशाताईंनी घरोघरी सांगून ठेवलेलं.
तरी एक आजोबा पेज पिऊन आले
आणि म्हणाले, पेज ती काय खाणं?
त्यांना उद्याची वेळ दिली.

चौथीच्या वर्गात आमचं टेबल,
फळ्यावर कालचं शुद्धलेखन अजून तसंच.
बर्फ बंदरावरच्या कारखान्यातला.
ज्या बर्फात सुरमई जाते कोल्हापूरला
त्याच बर्फात आमच्या नळ्या,
जांभळ्या टोपणाच्या, पिवळ्या टोपणाच्या.

मी रक्त काढते. अर्थ काढणारे पुण्यात असतात.
त्यांना बघायचंय,
माणूस एकटा पडला की रक्तात काही सुजतं का,
वजन, साखर, तंबाखू वजा करूनही
काही उरतं का मागे.

झिलू कोयंडे सगळ्यात शेवटी आले.
रांग संपेपर्यंत माडाखाली उभे होते.
ते पायरी चढले तशा
उरलेल्या दोन बायका बोलता बोलता थांबल्या,
एकीनं घाईघाईनं चप्पल शोधली.

गेल्या मार्गशीर्षात यांनी अर्ज दिला होता,
रात्री समुद्रात दिवे पेटवून
मासळी ओढणाऱ्या बोटींविरुद्ध.
बोटींत अर्ध्या वाडीचे पैसे.
कुणी मारलं नाही, शिवीसुद्धा दिली नाही.
फक्त बर्फ मिळत नाही,
आणि देवळात गाऱ्हाणं घालताना
त्यांच्या घराशी येऊन
गुरव श्वास घेतो आणि पुढे जातो.

मी फॉर्म वाचत गेले.
तंबाखू? हो. खारं? रोज.
झोप? नुसते हसले.
अडचणीत कुणाकडे जाल :
नातेवाईक, शेजारी, मित्र, इतर?
'इतर'कडे ते बराच वेळ बघत राहिले.
मग म्हणाले,
"बाय, रापण ओढूक चाळीस हात लागतत.
पागाक दोन पुरे.
मी आता पाग टाकतंय."

याला फॉर्मात चौकट नव्हती.
मी समासात लिहिलं : पाग.
पुण्याहून फोन येणार, हे काय म्हणून.

मूठ वळा, म्हटलं.
शीर लगेच सापडली, दोरखंडासारखी.
सुई काढून कापूस दाबून धरला,
एक मिनिट धरायचा असा नियम आहे.
ते सुईकडे नाही,
माझ्या अंगठ्याकडे बघत होते.
मिनिट झालं.
मी अजून थोडं धरलं.

मग शेजारच्या खोलीत यंत्र लावलं.
या यंत्राचं एक आहे,
एका नळीच्या बरोबर समोर
तेवढ्याच भाराची दुसरी नळी लागते,
नाहीतर ते थरथरतं, टेबलावरून चालायला लागतं.
बेचाळीस हातात घेऊन जोड शोधत होते,
तर तीन नंबर नेमकी सारखी भरलेली.
तीन म्हणजे तातू सारंग,
गावकीचे पहिले मानकरी,
सकाळी त्यांना हेडमास्तरांची खुर्ची दिली होती.

दहा मिनिटं दोघे समोरासमोर फिरले.
वीज गेली नाही, हेच नवल.
थांबल्यावर दोन्हींत सारखंच :
वर पिवळसर पाणी, खाली लाल गाळ,
ओहोटीला खाडी दिसते तसं.

रिपोर्ट महिन्यानं आले.
त्यावर नावं नसतात. मला नंबर पाठ असतात.
बेचाळीसचा सुजेचा आकडा लाल अक्षरांत,
तो पुण्यात अपेक्षितच होता.
तीनचाही लाल.
साखर बरी, वजन बरं, व्यसन नाही.
वजा करायला काहीच नव्हतं.

कुणाचं कुणाला सांगायचं नाही,
तशी सही केलेली आहे मी.
तातूंना त्यांच्यापुरतं सांगितलं,
मीठ कमी करा, जरा झोपत जा.
त्यांचं घर खाडीला लागूनच आहे.
कागदाची घडी घालत, दुसरीकडे बघत ते म्हणाले,
"झोप खय येता, बाय.
रातभर त्येचो पाग पाण्यात पडता,
तो आवाज येता."